मोटारगाड्यांची परतबोलावणी
विकलेल्या मोटारगाड्यांत सुरक्षिततेस बाधक असा निर्मितिदोष आढळल्यास उत्पादक त्या गाड्या परत मागवून दोष विनामूल्य दूर करतो. या पद्धतीस परतबोलावणी किंवा रिकॉल म्हणतात. अपुरे वंगण वा निष्काळजी वापर यांमुळे एखाद्याच गाडीत उद्‌भवणारा बिघाड यात मोडत नाही. अनेक गाड्यांत समान कारणाने येणारा दोष हाच तिचा विषय होय.

एंजिनातील असे दोष अभिकल्पात, सुट्या भागांच्या घडणीत किंवा जुळणीच्या वेळी निर्माण होतात. चालत्या गाडीचे एंजिन अकस्मात बंद पडल्यास ब्रेकला मिळणारे निर्वात साहाय्य लवकरच संपते. पुष्कळ गाड्यांत सुकाणूही जड होते. घाटरस्त्यावर हे विशेष धोक्याचे ठरते. इंधन गळून तप्त भागांवर पडल्यास आग लागण्याचा संभव असतो.

नाशिक येथील महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात तयार झालेल्या, संख्येने ६०० हून कमी अशा डीझेल गाड्या कंपनीने तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात एका विशिष्ट दिवशी आलेल्या दूषित इंधनामुळे एंजिनाच्या भागांची अकाली झीज होईल, अशी शंका होती. डीझेल एंजिनात इंधन अंतःक्षेपण पंपाच्या भागांना सामान्यतः इंधनच वंगण पुरविते व त्या भागांमधील फट काही मायक्रॉनच असते. त्यामुळे इंधनातील सूक्ष्म कण वा पाणी यांनी पृष्ठभागांवर ओरखडे पडतात किंवा ते गंजतात. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२१ मध्ये याच कंपनीने १,५७७ डीझेल ‘थार’ गाड्या परत बोलावल्या होत्या. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यातील यंत्राच्या मांडणीत चूक झाल्याने झडपांची उघडझाप करणारे कॅमदंड सदोष असण्याचा संभव होता.

दोषाचे कारण निश्चित झाले की निर्मितीच्या तारखा व चासिस क्रमांक यांवरून बाधित गाड्या वेगळ्या काढता येतात. नंतर मालकांना कळवून अधिकृत कार्यशाळेत सदोष भाग बदलतात. गाडी दुसऱ्यास विकली गेली असेल किंवा मालकाचा पत्ता बदलला असेल, तर सूचना पोहोचत नाही व दोष तसाच राहतो.

अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने या पद्धतीस वैधानिक आधार दिला. भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-क अन्वये केंद्र शासनास परतबोलावणीचा आदेश देता येतो. याविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून ते सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना लागू आहेत. आदेश देण्याची वेळ आल्यास १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. मात्र उत्पादकाने स्वतः दोष कळवून कार्यवाही सुरू केल्यास दंड होत नाही. म्हणून परतबोलावणी जाहीर होणे हा केवळ हलक्या निर्मितीचा पुरावा मानता येत नाही. बोलावलेल्या गाड्यांपैकी किती प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या, यावरच तिचे यश अवलंबून असते.