पुस्तक सुचवण्यापूर्वी

"बाई, माझी जीभ बिघडली आहे का?"

सहावीतील एका मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हाला आधी हसू आले. काही दुखतखुपत असेल म्हणून चौकशी केली, तर हकिगत निराळीच निघाली. आठवडाभरापूर्वी आम्हीच तिला शाळेच्या कपाटातून मानवी शरीरावरचे एक पुस्तक काढून दिले होते. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, मोठा टाइप. त्यात जिभेचा एक नकाशा होता. टोकाला गोड, बाजूला खारट आणि आंबट, मागे मुळाशी कडू अशी चवींची वाटणी करून दिलेली. मुलीने घरी साखरेचे पाणी केले, काडीला कापूस गुंडाळला आणि तो बोळा जिभेच्या कडेला व मागच्या बाजूला टेकवून पाहिला. सगळीकडे गोडच लागले! तिने तीनदा करून पाहिले. पुस्तक चुकले असेल ही शंका तिच्या मनाला शिवलीही नाही. बिघाड आपल्याच जिभेत आहे, असे तिने ठरवून टाकले.

आमचे हसू मावळले. प्रयोग तिने नीट केला होता, तो पुन्हा पुन्हा करून पडताळलाही होता. पण आम्ही विश्वासाने हाती दिलेल्या पुस्तकाने तिला स्वतःच्या निरीक्षणावरच अविश्वास दाखवायला शिकवले. आणि खरे सांगायचे तर ते पुस्तक आम्ही वाचलेले नव्हते. मुखपृष्ठ चांगले वाटले, विषय बरा वाटला, म्हणून दिले.

मुलांना चांगली पुस्तके सुचवावीत, हे आपण सारेच म्हणतो. परंतु पुस्तक सुचवणे म्हणजे त्याला जामीन राहणे होय. मग जामीन राहण्याआधी काय पाहावे?

एका नकाशाची कथा

जिभेचा हा नकाशा आला कोठून? १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांना चव किती सौम्य द्रावणातही कळते, याची मोजणी केली. भागाभागांत त्याला थोडासा फरक आढळला. एखाद्या जागी एखादी चव मुळीच कळत नाही, असे त्याचे म्हणणे नव्हते. पुढे १९४२ साली एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ही माहिती आलेखाच्या रूपात मांडली. त्या मांडणीत हा लहानसा फरक फार मोठा भासू लागला. 'येथे थोडी अधिक' याचे 'फक्त येथेच' झाले आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो नकाशा जाऊन बसला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजणी केली. फरक आहे, पण तो किरकोळ आहे, असेच त्यांनाही दिसले. म्हणजे साखरेचे पाणी घेऊन बसलेल्या आमच्या विद्यार्थिनीचे बरोबर होते.

याच नकाशात आणखी एक उणीव असते. किकुने इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली 'उमामी' ही निराळी चव ओळखली. आज ती पाचवी मूळ चव मानली जाते. चारच चवींचा नकाशा छापणाऱ्याने ती दखलही घेतलेली नसते.

पारखीची पाने

सगळे पुस्तक तपासायला शिक्षकाला वेळ कोठून मिळणार, ही अडचण खरी आहे. त्यावर आम्ही एक युक्ती करतो. भाताची परीक्षा शितावरून करतात, तशी पुस्तकाची परीक्षा ठरावीक पानांवरून करायची. जेथे लेखक हमखास घसरतात अशा काही जागा आहेत. पुस्तक हाती आले की अनुक्रमणिका पाहून आधी तीच पाने उघडावीत. जिभेचा नकाशा ही एक जागा झाली. आणखी दोन सांगतो.

पहिली जागा मेणबत्तीच्या प्रयोगाची. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा पेला. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. अनेक पुस्तके सांगतात : हवेतील ऑक्सिजन संपला, तो एक पंचमांश होता, म्हणून तेवढे पाणी वर चढले. ऐकायला किती नीटनेटके! पण आता आपण स्वतः, वर्गात समोर उभे राहून, हाच प्रयोग तीन मेणबत्त्या जवळजवळ ठेवून करून पाहा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी अधिक चढते. शिवाय पाण्याची मोठी चढण दिसते ती ज्योत विझताना आणि विझल्यानंतर. असे का? पेला पालथा घालताना ज्योतीभोवतालची हवा तापून प्रसरण पावलेली असते. काही वेळा ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतानाही दिसते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत लोटतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरेच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. आणि सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. तेव्हा 'एक पंचमांश' हे उत्तर या प्रयोगातून निघतच नाही. ज्या पुस्तकात हे उत्तर असेल, त्याच्या लेखकाने प्रयोग करून पाहिलेला नाही असे समजावे.

दुसरी जागा ऋतूंची. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, असे छापलेले आढळले तर सावध व्हावे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर घालून शाळेत येतो, तेव्हा सूर्य जवळ असतो! ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. मजकुरात हे बरोबर दिलेले असले, तरी चित्र मात्र तपासावे. पृथ्वीची कक्षा बऱ्याच ठिकाणी लांबट अंड्यासारखी काढलेली असते. प्रत्यक्षात ती इतकी गोल आहे की कागदावर १० सेंटिमीटर व्यासाची काढली, तर वर्तुळापेक्षा वेगळी ओळखूही येणार नाही. मूल मजकूर विसरते, पण चित्र विसरत नाही.

आपापल्या विषयात अशी पाने प्रत्येकाला ठाऊक असतात. गावच्या शेतीची जाण असलेल्या शिक्षकाने पिकांचे पान पाहावे, साप ओळखणाऱ्याने सापांचे. आपल्याला जे पक्के माहीत आहे ते पुस्तकात बरोबर असेल, तर जे माहीत नाही त्याबाबत त्याच्यावर थोडाफार भरवसा ठेवता येतो.

चुका नाहीत, एवढ्याने भागते का?

नाही. मुळीच चूक नसलेले पुस्तकही कंटाळवाणे असू शकते. म्हणून आम्ही आणखी तीन गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट : पुस्तक फक्त 'काय' सांगते, की 'कशावरून' हेही सांगते? प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, एवढे वाक्य पाठांतराला पुरते. तो वेग माणसाने मोजला कसा, हे जे पुस्तक सांगते ते मुलाला विचार करायला लावते.

दुसरी गोष्ट : दिलेले प्रयोग आपल्या गावात होण्याजोगे आहेत काय? काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, रिकामी रिफिल एवढ्यावर काम चालणार असेल तर मूल त्याच संध्याकाळी कामाला लागते.

तिसरी गोष्ट भाषेची. कोणतेही एक पान मोठ्याने वाचून पाहावे. दर ओळीला अडखळायला होत असेल, तर ते मुलाने एकट्याने वाचावे ही अपेक्षा फोल आहे.

छपाईचे साल जरूर पाहावे. २००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. त्याआधीच्या पुस्तकात नऊ ग्रह असणारच. पण जुने म्हणजे टाकाऊ, असेही समजू नये. मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली आणि १८६१ साली त्यांचे पुस्तक झाले. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ते वाचण्याजोगे आहे. का? तर फॅराडे ज्योतीविषयीची प्रत्येक गोष्ट आधी करून दाखवतात आणि मग बोलतात. माहिती जुनी होते, पाहण्याची रीत जुनी होत नाही.

पुस्तक कोणाला?

येथवर पुस्तकाचा विचार झाला. आता वाचणाऱ्याचा. एस. आर. रंगनाथन हे मद्रासला गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतल्या दोन सूत्रांचा आशय असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. शाळेच्या कपाटाला कुलूप असते, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असते आणि पुस्तके फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. अशा ठिकाणी ही दोन्ही सूत्रे कपाटातच राहतात. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो, न वाचलेल्या पुस्तकाचा विचारला जात नाही, हे त्याचे कारण. पाच-दहा पुस्तके फाटली तर फाटू द्यावीत. फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडलेले असते.

योग्य पुस्तक योग्य वेळी हाती पडले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. १९०८ च्या सुमारास एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तक वाचायला दिले. हा मुलगा म्हणजे सालिम अली. १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवर स्वतः लिहिलेले पुस्तक पुढे अनेक पिढ्यांच्या हाती पडले. येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी मुलाचा प्रश्न, मग पुस्तक. मिलार्ड यांनी यादी वाचून दाखवली नाही. मुलाच्या हातात जो पक्षी होता त्याच्याविषयीचे पुस्तक दिले.

म्हणून आम्ही वर्गात एक प्रश्नवही टांगली आहे. मुले मनात येईल तो प्रश्न तीत लिहितात. 'पाल भिंतीवरून पडत का नाही?' असा प्रश्न दिसला की त्या मुलासाठी पुस्तक शोधायचे. तेही संपूर्ण वाचण्याची सक्ती नाही. खुणेची चिठ्ठी घालून "एवढी चार पाने बघ" असे सांगायचे. चारांची चाळीस पाने मूल आपण होऊन करते. परत आणल्यावर सारांश लिहायला लावू नये. "त्यात तुला काय पटले नाही?" एवढेच विचारावे.

पुस्तके मिळवण्याचा मार्ग पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला परवडणारी आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके मोफत वाचायला मिळतात. एखादी शंका आली तर मराठी विश्वकोशाच्या नोंदी आता मोबाइलवरही उघडतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणांऐवजी कपाट उघडून पुस्तके सतरंजीवर मांडली, तरी पुष्कळ झाले.

राहता राहिले ते जिभेचे पुस्तक. ते आम्ही फेकून दिले नाही. बाकीची पाने चांगली होती. त्या मुलीलाच सांगितले, की तू काय केलेस आणि तुला काय आढळले ते चिठ्ठीवर लिही. तिने लिहिले, वर्गातील आणखी अकरा जणांच्या जिभांची साक्ष खाली नोंदवली आणि ती चिठ्ठी त्या नकाशाशेजारी डिंकाने चिकटवली. आता ते पुस्तक कपाटात राहतच नाही. छापील पानाशेजारी आपल्याच वर्गातल्या मुलीने काय लिहिले आहे, ते प्रत्येकाला पाहायचे असते. आणि पाहून झाले की जो तो घरी जाऊन साखरेचे पाणी करतो.

आपल्या कपाटातही असे एखादे पान असेल. शोधून पाहा.