घर सांभाळताना स्वतःसाठीही थोडं राखून ठेवा

‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न संध्याकाळी सात वाजता पडला, की बऱ्याचदा जेवण बाहेरून मागवलं जातं. पैसे जातात आणि तुमचा अर्धवट राहिलेला कोर्स पुन्हा मागे पडतो. म्हणून रविवारीच आठवड्याच्या भाज्या ठरवा. रात्री मूग भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. मंगळवारी मोड आलेल्या मुगाची उसळ होते. वाचलेल्या पैशांतून पोस्टात स्वतःच्या नावाने आरडी उघडा. ती महिना 100 रुपयांपासून सुरू होते आणि 5 वर्षं चालते. पुढच्या फीची सोय होईल. वाचलेला अर्धा तास मात्र आवराआवरीत घालवू नका. तो तुमच्या अभ्यासाचा आहे, हे घरातल्यांनाही सांगा. डबे तेही भरू शकतात!