घरच्या पाककृतींसाठी सॉफ्टवेअर

पाककृती सांभाळणारे सॉफ्टवेअर साहित्य, प्रमाण, एकक आणि कृती वेगवेगळ्या रकान्यांत साठवते; म्हणूनच चौघांचे प्रमाण दहा जणांसाठी क्षणात वाढवता येते. मीठ, तिखट आणि शिजण्याचा वेळ मात्र त्याच पटीत वाढत नाही. हे सॉफ्टवेअरने स्वयंपाक करणाऱ्याला वेळीच सुचवायला हवे.

खरी कसोटी मापांची. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (1970) या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. पण एक वाटी तूरडाळ आणि एक वाटी ज्वारीचे पीठ यांचे वजन सारखे नसते, त्यामुळे प्रत्येक जिन्नसाची वेगळी नोंद लागते. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील कडगंचीसारख्या, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या गावात भाषेचाही प्रश्न येतो. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली या जिल्ह्याची तूरडाळ कन्नडमध्ये ‘तोगरी बेळे’ होते, ज्वारीची भाकरी ‘जोळद रोट्टी’. कोणत्याही नावाने शोधले तरी एकच नोंद सापडली पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या प्रकाशनापूर्वीची चाचणी खऱ्या ओट्यापाशीच व्हावी: पिठाचे हात, मंद नेट, साधा फोन. तयार पर्यायांपैकी ‘मीली’सारखे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवता येते. कोणतेही निवडा, पण सगळ्या पाककृती साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे आधी तपासा.