भडक बातमीवरचं नाटक : 'कमला'

वारंगा फाट्यावर नांदेडच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या काकांच्या पेपरात एक भडक मथळा दिसला आणि नाटककार विजय तेंडुलकरांचं 'कमला' आठवलं.

१९८१ साली इंडियन एक्सप्रेसच्या अश्विनी सरीन यांनी बायकांची विक्री उघड करायला स्वतःच एक बाई विकत घेतली. त्यावरून हे नाटक सुचलं.

नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव २५० रुपयांत कमलाला आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो. तिथे तिला काय काय विचारतात!

पण खरी जबरदस्त जागा पुढे आहे. तुम्हाला केवढ्याला घेतलं, असं कमला त्याच्या बायकोला, सरिताला, अगदी सहज विचारते. तिथून सरिताला स्वतःचा संसार वेगळाच दिसायला लागतो.

ब्रिटनमध्ये १९८६ साली 'हॉट मेटल' या विनोदी मालिकेने सनसनाटी पेपरांची खिल्ली उडवली. तेंडुलकरांनी तो विषय आधीच थेट घरात आणला होता.

नाटक वाचाच.