भिंगाचे घर

छायाचित्र चांगले उतरले की आपण भिंगाच्या काचेची वाखाणणी करतो. ज्या नळीत ती काच बसविलेली असते, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः काच कितीही निर्दोष असली, तरी तिला जागच्या जागी धरून ठेवणारे घर सदोष असेल, तर तिचा गुण वाया जातो.

कॅमेऱ्याच्या काही भिंगांचे नाभीय अंतर बदलता येते, काहींचे कायम असते. या दुसऱ्या प्रकारास छायाचित्रकार ‘प्राइम लेन्स’ म्हणतात. तिच्यात हलणारे भाग थोडे. म्हणून ती आटोपशीर करता येते. जर्मनीतील झाइस कारखान्यात पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ साली सिद्ध केलेल्या टेसार भिंगात अवघ्या चार काचा होत्या. पण भाग थोडे म्हणून काम सोपे, असे मात्र नाही.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, चिखलदऱ्याच्या कड्यावरून तुम्ही ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने दूरच्या डोंगराचे चित्र घेतले आणि लगेच दहा मीटरवर उभ्या असलेल्या सोबत्याचे घ्यावयाचे ठरविले. त्यासाठी भिंग किती पुढे सरकवावे लागेल? केवळ पाव मिलिमीटर! आता नळीच्या आट्यांतच तेवढा सैलपणा असेल, तर डोंगर कोणता आणि सोबती कोणता, हे भिंगाने कसे ओळखावे?

आमच्या वऱ्हाडात या घराची परीक्षा कठीण असते. अकोल्यास उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापमान ३० अंशांनी वाढले, तर ५० मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे कडे सुमारे ०.०३५ मिलिमीटर फुगते. तेवढीच काच जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. चांगला कारागीर हा फरक जमेस धरूनच काच बसवितो. कडे फार घट्ट केले, तर थंडीत काचेवर ताण येतो. सैल ठेवले, तर उन्हाळ्यात काच हलते. हलके वंगणही उष्णतेने पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरते व पाती चिकटू लागतात.

उन्हाळा सरला की मेळघाटातील पावसाची पाळी. काळ्या मातीची पिठासारखी धूळ आणि दमट हवा यांना अडविण्यासाठी काही भिंगांच्या सांध्यांत रबरी कडी घालतात. त्यांचा उपयोग होतो. तथापि ओलसर चामडी पिशवीत महिनोन् महिने कोंडलेल्या भिंगावर बुरशी धरतेच. कोरडी जागा हाच तिच्यावरचा खरा उपाय.

पुष्कळांना जड भिंग म्हणजे मजबूत भिंग वाटते. हा समज सोडावा हे बरे. काचतंतू मिसळलेले आजचे प्लॅस्टिक चांगलेच टिकाऊ असते. मात्र कॅमेऱ्यास जोडावयाचे कडे वारंवार घासले जाते. ते धातूचे असलेले चांगले.

भिंग घेताना ते कानाशी हलवून पाहण्याची रीत आहे. जुन्या भिंगांपुरती ती ठीक. मोटारीने चालणाऱ्या काही नव्या भिंगांत, कॅमेरा बंद असता, आतील भाग स्वभावतःच खुळखुळतो. त्यापेक्षा विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ धरून चित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील दरजा पाहाव्यात. एका कोपऱ्यातील रेषा ठसठशीत आणि समोरच्या कोपऱ्यातील पुसट दिसल्या, तर काच घरात तिरपी बसली असण्याचा संभव फार.