आधी अंदाज, मग आकडेमोड : सांख्यिकी आणि संभाव्यतेचा सराव कसा घ्यावा?



सांख्यिकी आणि संभाव्यता हे गणितातले 'हमखास गुण देणारे' घटक समजले जातात. सूत्र छोटं, आकडेमोड सोपी. सगळ्यांची बेरीज करा, संख्येने भागा, झाली सरासरी. हव्या त्या शक्यता वर लिहा, एकूण शक्यता खाली लिहा, झाली संभाव्यता. मुलं पटापट उत्तरं काढतात आणि आपणही पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

पण उत्तर काढून झाल्यावर त्याच मुलाला एकच प्रश्न विचारून बघा. "सरासरी १४ आली. म्हणजे काय?" बऱ्याचदा मूल गप्प बसतं, नाहीतर सांगतं, "म्हणजे सगळ्यांना चौदा-चौदा." हीच मुलं उद्या मोठी होऊन सरासरी उत्पन्न, पावसाचा अंदाज, लॉटरीची जाहिरात, निवडणुकीचे कल वाचणार आहेत. तिथे सूत्र कोणी विचारत नाही, आकड्याचा अर्थ आपला आपल्यालाच लावावा लागतो.

म्हणून सरावासाठी तीन पायऱ्या सुचवते. प्रत्येक उदाहरणाला याच तीन पायऱ्या.

१. अंदाज : पेन हातात घेण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते सांगायचं.
२. आकडेमोड : नेहमीप्रमाणे.
३. वाक्य : आलेला आकडा काय सांगतो ते एका साध्या वाक्यात लिहायचं.

उदाहरणं कमी होतील, पण सराव पक्का होईल. आता घटकानुसार बघूया.

मध्य, मध्यक, बहुलक : तीन सूत्रं नव्हे, तीन प्रश्न

सात मुलांना घरून शाळेत यायला लागणारा वेळ (मिनिटांत) असा आहे :

५, ५, ८, १०, १०, १०, ५०

शेवटचं मूल लांबच्या वस्तीवरून चालत येतं. आधी अंदाज घ्या. मग आकडेमोड. बेरीज ९८, भागिले ७, म्हणजे सरासरी (मध्य) १४. चढत्या क्रमाने लावलेल्या संख्यांतली मधली, चौथी संख्या १०, म्हणून मध्यक १०. सर्वांत जास्त वेळा आलेली संख्याही १०, म्हणून बहुलक १०.

आता फळ्याकडे बोट दाखवून विचारा, "नक्की १४ मिनिटं कोणाला लागतात?" कोणालाच नाही! सातपैकी सहा मुलं १४ च्या आतच पोहोचतात. मग १४ हा आकडा आला कुठून? प्रत्येक संख्येचं १४ पासूनचं अंतर काढायला लावा. खालच्या बाजूला ९, ९, ६, ४, ४, ४, एकूण ३६. वरच्या बाजूला एकटा ५० वाला, त्याचं अंतरही ३६. म्हणजे १४ हा तराजूचा काटा आहे. दोन्ही पारडी तिथे समतोल होतात. हे एकदा दिसलं की मूल सरासरी विसरत नाही.

पुढचा प्रश्न : लांबून येणारं मूल आज गैरहजर आहे. काय बदलेल? उरलेल्या सहांची बेरीज ४८, सरासरी एकदम ८ वर येते. मध्यक ८ आणि १० च्या मधला, म्हणजे ९. बहुलक १० च. एका मुलाने सरासरी ६ ने हलवली, मध्यक फक्त १ ने हलला, बहुलक जागचा हलला नाही. एखादी संख्या फारच मोठी किंवा फारच लहान असेल तेव्हा मध्यक का बघायचा, हे इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बहुलकासाठी गणवेशाचं किंवा बुटांचं उदाहरण घ्या. बुटांच्या मापांची सरासरी ३.४ आली, तर दुकानदार ३.४ मापाचे बूट मागवणार का? त्याला हवं असतं सर्वांत जास्त खपणारं माप. म्हणजेच बहुलक.

भागायचं कशाने?

सरासरीच्या उदाहरणांत बेरीज क्वचित चुकते, चुकतो तो भाजक. हे उदाहरण द्या. वाचनालयातून सहा दिवसांत दिलेली पुस्तकं : १२, ९, ०, १५, १२, १२. सरासरी किती?

काही मुलं ० सोडून देतात आणि ६० ला ५ ने भागून १२ लिहितात. काही ६ ने भागून १० लिहितात. बरोबर कोण? लगेच उत्तर देऊ नका. उलट विचारा, "त्या दिवशी वाचनालय उघडं होतं का?" उघडं असून कोणीच पुस्तक नेलं नसेल, तर तो शून्य धरायलाच हवा. सुट्टी असेल आणि आपल्याला 'उघड्या दिवसांची सरासरी' हवी असेल, तर भाजक ५. आकडे तेच, प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं.

क्रिकेटवेड्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. डॉन ब्रॅडमन यांनी कसोटीत ८० डावांत ६९९६ धावा केल्या. ६९९६ ला ८० ने भागलं तर ८७.४५ येतात. पण त्यांची सरासरी तर ९९.९४ सांगतात! कारण फलंदाजीच्या सरासरीत डावांनी भागत नाहीत, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ब्रॅडमन १० वेळा नाबाद राहिले, म्हणून भाजक ७०. करून बघा, ९९.९४ च येतात.

संभाव्यता : शक्यता मोजताना होणारी गडबड

दोन नाणी एकदम उडवली. एक छापा आणि एक काटा येण्याची संभाव्यता किती? अंदाज विचारला की पुष्कळ मुलं म्हणतात, "तीनच गोष्टी होऊ शकतात. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक-एक. म्हणून १/३."

मुलांना हसू नका. फ्रान्सचे मोठे गणितज्ञ दालांबेर यांनीही अशाच प्रश्नात अशीच मोजणी केली होती, आणि तीही १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात! दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्यांनी २/३ मानली. खरं उत्तर ३/४ आहे.

गडबड दूर करायला एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं, अशी वेगवेगळी नाणी घ्या. आता मुलांना चार शक्यता दिसतात : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. 'एक-एक' हे दोन प्रकारे घडतं, म्हणून संभाव्यता २/४, म्हणजे १/२. मग जोड्या पाडा आणि प्रत्येक जोडीला २० फेकी करू द्या. नोंद ताळ्याच्या खुणांनी करायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी. सगळ्या जोड्यांची बेरीज फळ्यावर मांडा. 'एक-एक' चा रकाना इतर दोन रकान्यांच्या साधारण दुप्पट भरत जातो. अशा रीतीने वारंवारता सारणी आणि संभाव्यता एकाच तासात हाताखालून जातात.

"तीनदा छापा आला, आता काटाच!"

हा गैरसमज मोठ्या माणसांतही घट्ट बसलेला आहे. नाण्याला आठवण नसते. आधी काय पडलं हे त्याला ठाऊक नाही, त्यामुळे चौथ्या फेकीलाही संभाव्यता १/२ च.

"पण सर, शेवटी निम्मे-निम्मे होतातच ना?" असा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच नावाचे गणितज्ञ डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. पहिल्या १०० फेकींत छापे ४४, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ ने कमी. एकूण १०,००० फेकींत छापे ५०६७, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ ने जास्त.

फरक तर वाढला! मग 'निम्मे-निम्मे' कुठे गेलं? टक्केवारी काढायला सांगा. आधी ४४ टक्के, नंतर ५०.६७ टक्के. नाणं मागची भरपाई करत नाही. फेकी इतक्या वाढतात की तो फरक त्यांच्यापुढे किरकोळ ठरतो. ही एक गोष्ट मुलांना नीट कळली, तर 'इतक्या वेळा हरलो, आता लागेलच' म्हणून पैसे लावणारा एक माणूस उद्या कमी होईल.

दोनच शक्यता, म्हणून १/२?

"उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे संभाव्यता १/२." हे वाक्य वर्गात मुद्दाम टाका आणि मुलांनाच खोडून काढू द्या. सूत्र तेव्हाच चालतं, जेव्हा सगळ्या शक्यता सारख्याच असतात. त्यालाच आपण समसंभाव्य म्हणतो.

यासाठी कवडी घ्या. कवडी उताणी पडते किंवा पालथी. पण तिच्या दोन बाजू सारख्या आहेत का? १०० वेळा टाका, मोजा, मग ठरवा. कवड्या नसतील तर बाटलीचं झाकणही चालेल. इथे उत्तर पुस्तकात सापडत नाही, ते मोजूनच मिळतं.

आता आजी-आजोबांचा अष्टा-चंपा आठवा. (गावोगावी नाव आणि नियम थोडे बदलतात. काही ठिकाणी कवड्यांऐवजी फोडलेले चिंचोके वापरतात.) चार कवड्या टाकायच्या आणि उताण्या मोजायच्या. चारही उताण्या पडल्या तर ४, चारही पालथ्या पडल्या तर ८ चं दान, आणि या दोन्ही दानांना पुन्हा एक खेळी. का बरं? दोन्ही बाजू समसंभाव्य धरल्या तर एकूण १६ शक्यता होतात. त्यांत एक उताणी ४ प्रकारे, दोन उताण्या ६ प्रकारे, तीन उताण्या ४ प्रकारे पडतात. चारही उताण्या फक्त एका प्रकारे, चारही पालथ्याही एकाच प्रकारे. जे दान क्वचित पडतं त्याला बक्षीस! खऱ्या कवड्यांनी हे आकडे थोडे बदलतील. किती बदलतात, तो मुलांचा प्रकल्प.

सरावासाठी काही उदाहरणं

१. ५ वी 'अ' मध्ये २० मुलं, सरासरी गुण ६०. 'ब' मध्ये ३० मुलं, सरासरी ७०. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती?

२. पाच नैसर्गिक संख्यांचा मध्य ८, मध्यक ७ आणि बहुलक ५ आहे. संख्या कोणत्या? किती उत्तरं मिळतात?

३. पाच संख्यांची सरासरी १२ आहे. फक्त सर्वांत मोठी संख्या १० ने वाढवली. सरासरी आणि मध्यक यांचं काय होईल?

४. डब्यात ३ लाल आणि २ निळे मणी आहेत. न बघता एक काढला, तो लाल निघाला आणि बाजूला ठेवला. आता निळा येण्याची संभाव्यता किती? लाल मणी परत टाकला असता तर?

५. दोन फासे टाकले. बेरीज ७ येण्याची शक्यता जास्त की १२ येण्याची? किती पट?

६. १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलली. ती मूळ संख्या असण्याची संभाव्यता किती?

उत्तरं : १) ६६. अंदाज ६५ येतो, पण 'ब' मध्ये मुलं जास्त असल्याने सरासरी तिकडे झुकते. २) ५, ५, ७ नक्की. उरलेल्या दोघींची बेरीज २३, म्हणून ८ व १५, ९ व १४, १० व १३, ११ व १२ अशी चार उत्तरं. ७ व १६ का चालत नाहीत, ते मुलांना शोधू द्या. ३) सरासरी १४, मध्यक तोच. ४) २/४ म्हणजे १/२, परत टाकला असता तर २/५. नाण्याला आठवण नसते, पण मणी बाहेर ठेवला की डबा बदलतो. ५) बेरीज ७ चे ६/३६, बेरीज १२ चे १/३६, म्हणजे सहापट. ६) ८/२०, म्हणजे २/५. १ ही मूळ संख्या नाही, हे तपासा.

पालकांनी घरी काय करावं?

वेगळी वही किंवा शिकवणी नको. आठवड्याभराचं दूध, रोज टीव्ही बघण्याचा वेळ, दाराशी येणाऱ्या फेरीवाल्यांची संख्या, काहीही मुलांनाच मोजू द्या. वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्यावरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधा आणि बिल आल्यावर ताडून बघा. अंदाज चुकला तर रागावू नका, "का चुकला असेल?" एवढंच विचारा. उन्हाळा लागला, पाहुणे आले, पंखा रात्रभर चालला, अशी कारणं मूल शोधू लागलं की सांख्यिकी सुरू झालीच म्हणून समजा.

शिक्षकांसाठी एक सोयीचा दिवस सुचवते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ चा, आणि २९ जून हा आपल्याकडे सांख्यिकी दिन म्हणून साजरा होतो. तेव्हा वर्ग नवा असतो, मुलंही एकमेकांना नीट ओळखत नसतात. कोण किती लांबून येतं, घरी किती माणसं, कोणती भाषा बोलतात, याची माहिती मुलांनीच गोळा करून स्तंभालेख काढावा. आपल्या वर्गाची ओळखही होईल आणि वर्षभर वापरायला स्वतःचे खरे आकडेही मिळतील.

आपल्या वर्गात हे उपक्रम करून बघा. मुलांनी तिसऱ्या पायरीला लिहिलेली वाक्यं मात्र जपून ठेवा. घटक किती समजला, हे गुणांपेक्षा त्या वाक्यांतून जास्त कळतं.