लहान मुलांसाठी मराठी ऑडिओ गोष्टी: चांगल्या कशा ओळखायच्या, कुठे शोधायच्या?

जेवताना मोबाइल दाखवायचा नाही, म्हणून आता अनेक घरांत गोष्ट 'लावली' जाते. पडदा बंद, आवाज सुरू. कल्पना चांगली आहे. पण यूट्यूबवर 'मराठी गोष्टी' टाइप करून बघा. चेटकीण, जादूची कढई, लोभी सावकार, गरीब सून! यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच साच्यातल्या असतात. तेच कार्टून हिंदीत, तेच तेलुगूत, तेच मराठीत, फक्त आवाज बदललेला. चित्र झाकून ऐकलं तर निम्म्या वेळा काय चाललंय ते कळतच नाही, कारण ती गोष्ट ऐकण्यासाठी बनवलेलीच नसते.

शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. मोफत यूट्यूबवर फोन लॉक केला की आवाजही बंद होतो. म्हणजे पडदा सुरूच ठेवावा लागतो, आणि पोराचं लक्ष तिकडेच जातं.

मग ऑडिओ हाच उपाय का?

इथे थोडं थांबायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि २ ते ५ वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२१ मध्ये सांगितलं. त्यामुळे ऑडिओकडे वळणं साहजिक आहे. पण अमेरिकेतल्या सिनसिनाटी चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक गमतीचा प्रयोग मांडला. चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना गोष्टी तीन प्रकारे दिल्या: फक्त आवाज, आवाजासोबत पुस्तकातली स्थिर चित्रं, आणि अ‍ॅनिमेशन. त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. अ‍ॅनिमेशनमध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचा एकमेकांशी संवाद कमी पडला. फक्त आवाजात गोष्ट समजून घ्यायला मुलांची ओढाताण झाली. सगळ्यात छान जमलं ते आवाज अधिक चित्रं.

मुलं मोजकीच होती, त्यामुळे हा अंतिम शब्द नव्हे. पण तीन वर्षांचं मूल नुसती गोष्ट लावल्यावर दोन मिनिटांत उठून का जातं, याचं उत्तर यात आहे. हातात पुस्तक द्या किंवा पहिल्यांदा ऐकताना शेजारी बसा. गोष्ट ओळखीची झाली की ते एकटं ऐकतं. मग तीच गोष्ट पुन्हा, आणि पुन्हा. तुम्ही कंटाळाल, पण थांबवू नका. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, ती नवे शब्द जास्त शिकली.

चांगलं रेकॉर्डिंग ओळखायचं कसं?

पहिली दोन मिनिटं आधी स्वतः ऐका. लेखकाचं आणि वाचणाऱ्याचं नाव दिलंय का? नसेल तर सावध. मागचं संगीत बोलण्यावर चढतंय का? वाक्यं मराठी आहेत की हिंदीवरून उचललेली? आणि उच्चार! मराठीत 'चाक' आणि 'चहा' यांतला च वेगळा, 'झाड' आणि 'झेंडा' यांतला झ वेगळा. मशीनने तयार केलेला आवाज इथे हमखास घसरतो. मोठ्यांना ते चालून जाईल, पण भाषा शिकणारं मूल तोच उच्चार उचलतं. परदेशात वाढणाऱ्या मुलाला घराबाहेर मराठी कानावरच पडत नाही, तिथे तर हे जास्तच महत्त्वाचं.

लांबीही बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं पुष्कळ झाली. 'श्यामची आई' ऑडिओत सहज सापडते, पण ती या वयाची नाही. 'बोक्या सातबंडे'ही शाळकरी वयासाठी ठेवा.

कुठे शोधायचं?

प्रथम बुक्सची 'स्टोरीवीव्हर' ही वेबसाइट २०१५ पासून आहे आणि मोफत आहे. तिथे मराठी निवडून 'रीडअलाँग' बघा. पानावर चित्र, सोबत आवाज, म्हणजे वरच्या प्रयोगातला नेमका तो मधला पर्याय. सगळ्या मराठी पुस्तकांना आवाज नाही, ही उणीव आहे. 'चिकूपिकू' या मराठी बालमासिकाच्या ऑडिओ गोष्टी खास लहान वयासाठी केलेल्या असतात. 'स्टोरीटेल'वर मराठीचा साठा मोठा आहे. त्याचे पैसे पडतात, पण मुलांसाठी वेगळा मोड मिळतो. आकाशवाणीची केंद्रं 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर ऐकता येतात. फक्त तिथे कार्यक्रमाची वेळ आपल्याला सांभाळावी लागते.

शोधताना 'मराठी गोष्टी' असं ढोबळ टाकण्यापेक्षा पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाका. निकालात लगेच फरक दिसेल. आवडलेलं डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि उंच ठेवा. हेडफोन नको, स्पीकरच बरा. सुरक्षित ऐकण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी मर्यादा आहे, पण हेडफोनचा आवाज किती आहे हे बाहेरून कळत नाही.

आणि मनासारखं काही मिळालंच नाही तर? स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव देऊन ती तुम्ही वाचून रेकॉर्ड करू शकता, इतरांना पाठवूही शकता. नागपुरातल्या आजीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली गोष्ट न्यू जर्सीतल्या नातवाला रोज ऐकता येते. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, नातवाचं नाव घेऊन सुरुवात करा. पान उलटायची वेळ आली की टाळी वाजवा, म्हणजे तिकडे त्यालाही पान उलटता येईल.